स्लीप स्टडीची रॉ फाइल आणि मेडिकल माहिती संशोधनासाठी द्यावी का?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. मध्यंतरी माझी स्लीप स्टडी झाली, लॅबमध्ये रात्रभर, डोक्याला वायरी, छातीला नि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिमीटर. एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा कमी झाला तो आकडा, ३४ आला, म्हणजे सिव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास अडण्याचा आजार. सीपॅप, म्हणजे रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, सुरू केलंय आणि दिवसा डोळे मिटायचे ते बरंच कमी झालंय. आता लॅबने एक कन्सेंट फॉर्म दिलाय की माझं रेकॉर्डिंग आणि 'संबंधित क्लिनिकल माहिती' नाव काढून संशोधकांना द्यायला माझी हरकत नाही ना. फॉर्मवर तीन वेगळे चौकोन आहेत, एक सिग्नलच्या फाइलसाठी (सेन्सरने रात्रभर टिपलेली मूळ, म्हणजे रॉ फाइल), एक क्लिनिकल माहितीसाठी आणि एक व्हिडिओ-ऑडिओसाठी. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, डेटा 'भविष्यातील संशोधनासाठी सहयोगी संस्थांना' देता येईल म्हणून.

मला द्यायचंय, हे आधीच सांगतो. माझ्या वडिलांचा झोपेत श्वास मधेच थांबायचा, घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच तो आजार वाटला नाही, मोठ्याने घोरतात एवढंच. त्यामुळे यावर जितकं काम होईल तितकं हवंच आहे. पण माझी नोकरी जड वाहन चालवायची आहे आणि अजून ऑफिसात कुणाला हे बोललेलो नाही, त्यामुळे हात अडखळतोय. नाव काढलं म्हणजे नेमकं काय काय काढतात? नुसता रिपोर्ट दिला तर पुरत नाही का, रात्रभराची पूर्ण फाइल कशाला लागते? आणि उद्या मन बदललं तर परत मागता येते का? ज्यांनी दिलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी प्लीज सांगा.

रात्रपाळी_टेक
मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सेन्सर लावणं आणि रात्रभर स्क्रीनसमोर बसणं हेच माझं काम, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगते.

रेकॉर्डिंग बाहेर देताना ते बहुतेक वेळा ईडीएफ फॉरमॅटमध्ये काढतात. १९९२ चा फॉरमॅट आहे, साधा आहे, कुठल्याही कंपनीच्या मशीनचे सिग्नल त्यात बसतात म्हणून आजही टिकून आहे. त्या फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं. त्यात ८० अक्षरांची जागा पेशंटच्या ओळखीची, आणखी ८० रेकॉर्डिंगच्या ओळखीची, मग तारीख आणि सुरू झाल्याची वेळ. २००३ मध्ये ईडीएफ प्लस आला, त्यात तर पेशंटच्या जागेत कोड, लिंग, जन्मतारीख आणि नाव असा क्रमच ठरवून दिलाय. म्हणजे एक्स्पोर्ट करताना कुणी लक्ष दिलं नाही तर तुमचं नाव आणि जन्मतारीख फाइलच्या अगदी सुरुवातीलाच बसलेली असते, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तरी वाचता येते. तिथे नावाच्या जागी एक्स टाकायची सोय त्या फॉरमॅटमध्येच आहे, फक्त ती कुणीतरी आठवणीने वापरायला हवी.

पण लोक हेडर साफ करतात आणि तिथेच थांबतात. आम्ही रात्रभर नोट्स टाइप करत असतो, पेशंट बाथरूमला गेला, पायाचा सेन्सर परत लावला, सोबतच्या बाईंनी हाक मारली म्हणून जाग आली, आणि घाईत कुणी 'अमुक काका उठले' असं नावासकटही लिहून जातं. या नोट्स वेळेसकट अ‍ॅनोटेशन म्हणून फाइलमध्ये जातात. आणि फाइलचं स्वतःचं नाव! कित्येक ठिकाणी ते आडनाव, नाव, तारीख असंच ठेवलेलं असतं. त्यामुळे लॅबला थेट विचारा की हेडर, नोट्स आणि फाइलनेम तिन्ही साफ करता का, आणि ते कोण तपासतं. ज्या लॅबने हे काम मनापासून केलंय ती एका मिनिटात उत्तर देते.

दोन_मुलांची_आई
माझ्या मुलाची स्टडी झाली होती, टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड वाढलेले म्हणून. तेव्हा आम्हालाही असाच फॉर्म मिळाला. मी सिग्नल आणि क्लिनिकल माहितीला हो म्हटलं आणि व्हिडिओला नाही, आणि आज परत विचारलं तरी तेच करीन. व्हिडिओत चेहरा आहे, झोपेतलं शरीर आहे, अंगावरचं पांघरूण सरकलेलं आहे, मी त्याला थोपटताना बोलतेय तो माझा आवाज आहे. त्यातून नाव काढणार म्हणजे काय काढणार? आणि मूल मोठं झाल्यावर त्याचं मत काय असेल ते आज मला माहीत नाही, संमती मी दिली पण शरीर त्याचं आहे ना. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि फॉर्म देणारे लोक त्यावर थांबून बोलत नाहीत.

तुमच्या बाबतीतही, रात्री सोबत कोण होतं? त्यांचा आवाज व्हिडिओत असेल तर तो चौकोन तुमच्या एकट्याचा नाही.

सिग्नलवाला
मी स्लीप डेटावर काम करतो, म्हणजे तुम्ही ज्या 'संशोधकांना' देणार त्यातलाच एक. रिपोर्ट का पुरत नाही हे जरा सविस्तर लिहितो कारण इथेच सगळी मेख आहे.

तुमच्या रिपोर्टमधला ३४ हा आकडा कसा आला बघा. श्वास ९० टक्के किंवा जास्त कमी झाला आणि तसा किमान १० सेकंद राहिला की अ‍ॅप्निया. ३० टक्के कमी झाला आणि सोबत ऑक्सिजन पडला की हायपोप्निया. पण ऑक्सिजन किती पडला तर मोजायचं? एका नियमाने ३ टक्के पडला किंवा मेंदूत जाग आल्याची चाहूल दिसली तरी मोजतात, दुसऱ्या नियमाने ४ टक्के पडल्याशिवाय मोजतच नाहीत. दोन्ही नियम वापरात आहेत. तीच रात्र, तोच माणूस, नियम बदलला की आकडा बदलतो, आणि १५ किंवा ३० च्या आसपास असाल तर माइल्ड, मॉडरेट का सिव्हिअर तेही बदलतं. मी दहा ठिकाणचे नुसते रिपोर्ट गोळा केले तर मला दहा वेगवेगळ्या मोजपट्ट्यांची मापं मिळतात, त्यांची बेरीज करून काहीच हाती लागत नाही. रॉ फाइल असेल तर सगळ्यांना एकाच नियमाने परत स्कोअर करता येतं, म्हणजे मोजता येतं.

स्टेजिंगचंही, म्हणजे झोपेच्या पायऱ्या ठरवण्याचंही, तसंच. रात्रीचे ३० सेकंदांचे तुकडे पाडून माणूस बसून ठरवतो की हा एन-वन (अगदी हलकी झोप), हा एन-टू, हा रेम (स्वप्नांची झोप). २०१३ साली अडीच हजारांहून जास्त स्कोअररची तुलना प्रसिद्ध झाली होती, त्यात एकमत सुमारे ८३ टक्के होतं, आणि एन-वनमध्ये तर ६३ टक्क्यांच्या आसपास. त्यात कुणाची चूक नाही, काही तुकडे मुळातच सीमेवरचे असतात. पण मूळ सिग्नलच नसेल तर ते सीमेवरचे होते हे सुद्धा कळत नाही.

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण. स्लीप हार्ट हेल्थ स्टडी नावाचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, ४० वर्षांवरचे सहा हजारांहून जास्त लोक, रेकॉर्डिंग १९९५ ते १९९८ मध्ये त्यांच्या घरी जाऊन केलेली. त्या फाइली जपून ठेवल्या आणि पुढे नॅशनल स्लीप रिसर्च रिसोर्समधून, एनएसआरआर म्हणतात त्याला, बाकीच्या संशोधकांना खुल्या झाल्या. २०१९ मध्ये याच रेकॉर्डिंगवर आणि वयस्कर पुरुषांच्या दुसऱ्या एका अभ्यासावर मिळून 'हायपॉक्सिक बर्डन' हे माप तपासलं गेलं, म्हणजे श्वास किती वेळा अडला एवढंच न बघता प्रत्येक वेळी ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ खाली गेला त्याचं क्षेत्रफळ मोजायचं. हृदयरोगाने होणाऱ्या मृत्यूशी त्या मापाचा संबंध दिसला, नुसत्या एएचआयचा तसा दिसला नाही. आता विचार करा, १९९५ ला त्या माणसांनी सही केली तेव्हा हे माप कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या वेळी फक्त रिपोर्ट ठेवून फाइली पुसल्या असत्या तर हे करायला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं आणि उत्तर मिळायला आणखी वीस वर्षं. तुमच्या फॉर्मवरची 'भविष्यातील संशोधन' ही ओळ यासाठी असते. ती मोघम आहे हे खरंच, पण तिच्यामागे कारण आहे.

क्लिनिकल माहितीचा चौकोनही सोडू नका अशी माझी विनंती आहे. नुसता सिग्नल मुका असतो. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी रेम झोप कमी होते, झोपेच्या काही गोळ्यांनी ईईजीतले, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या नोंदीतले, स्पिंडल नावाचे छोटे झटके वाढतात, हे माहीत नसेल तर गोळीचा परिणाम मी आजार म्हणून मोजीन. वय, लिंग, वजन-उंची, मानेचा घेर, बीपी, चालू औषधं, एपवर्थ स्कोअर, ती आठ प्रश्नांची २४ मार्कांची दिवसा झोप येते का विचारणारी यादी, आणि रात्र अर्धी साधी नि अर्धी सीपॅप लावून होती का, हे सगळं लागतं. यातलं काहीच तुमचं नाव सांगत नाही, पण याच्याशिवाय रेकॉर्डिंगचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

पहाटवारा
बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. १९९५ च्या लोकांचं वाचून खरंच वाटलं की द्यायला हवं. ताई, व्हिडिओचं पटलं, सोबत बायको होती आणि तिला मी विचारलेलंच नव्हतं, आज विचारलं तर ती नको म्हणाली, त्यामुळे तो चौकोन रिकामा राहणार.

पण सिग्नलवाला, एक सरळ विचारतो. नाव नाही, जन्मतारीख नाही, व्हिडिओ नाही. मग मला कुणीच ओळखू शकत नाही असं धरून चालू का? कारण नोकरीचा प्रश्न आहे, 'शक्यतो नाही' यावर मला सही करता येणार नाही.

सिग्नलवाला
नाही, तसं धरून चालू नका. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो, जो कुणी १०० टक्के गॅरंटी देतो त्याच्यावर उलट कमी विश्वास ठेवा.

दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सिग्नलच्या बाजूची माहिती. २००० साली लतान्या स्वीनी या संशोधिकेने अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवर तिथली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. नाव कुठेच नाही तरी! म्हणून चांगल्या डेटासेटमध्ये जन्मतारखेऐवजी वय देतात, पत्त्याचा भाग काढतात. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या नियमात १८ प्रकारचे ओळखदर्शक तपशील काढायला सांगितलेत आणि ८९ च्या वरची वयं सगळी एकाच गटात टाकायची, कारण ९७ वर्षांची स्लीप स्टडी केलेली माणसं असतात तरी किती. दुर्मिळ आजार असेल तर तेच. तुम्हाला स्लीप अ‍ॅप्निया आहे, तो दुर्मिळ अजिबात नाही, गर्दीत तुम्ही खूप आत आहात.

दुसरी गोष्ट म्हणजे सिग्नल स्वतःच. झोपेतला ईईजी माणसागणिक इतका वेगळा आणि रात्रींमागून रात्री इतका सारखा राहतो की २००५ च्या एका पेपरात त्याला फिंगरप्रिंटच म्हटलंय. ईसीजीवरूनही माणूस ओळखता येतो. पण त्यासाठी ओळखणाऱ्याकडे तुमचं दुसरं, नावासकटचं रेकॉर्डिंग आधीच असावं लागतं. तुमच्या ऑफिसकडे ते नाही. आणि ज्याच्याकडे ते असेल त्याला तुमचा आजार आधीच माहीत असणार.

त्यामुळे माझ्या मते तुमच्या नोकरीला धोका असलाच तर तो रिसर्चच्या फाइलमधून कमी आणि नावासकट फिरणाऱ्या रिपोर्टमधून जास्त आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ, इन्शुरन्सच्या क्लेमला जोडलेली कॉपी, फिटनेस सर्टिफिकेटची फाइल. त्या जास्त सांभाळा.

फॉर्ममध्ये मी एकच गोष्ट ठासून बघीन, डेटा कुठे आणि कुठल्या दारातून दिला जाणार. फिजिओनेट या वैद्यकीय सिग्नलच्या ऑनलाइन साठ्यावर, तो १९९९ पासून चालू आहे, काही डेटासेट कुणालाही डाउनलोड करता येतात, आणि काही करारावर सही केल्याशिवाय किंवा ओळख पडताळल्याशिवाय मिळत नाहीत. एनएसआरआरवर रेकॉर्डिंग घ्यायला अर्ज करावा लागतो, कशासाठी हवंय ते लिहावं लागतं, माणूस ओळखायचा प्रयत्न करणार नाही अशी कबुली द्यावी लागते. काही डेटासेट कंपन्यांना वापरता येत नाहीत, फक्त ना-नफा कामासाठी. तुमच्या लॅबला विचारा यातलं कुठलं दार आहे. 'सहयोगी संस्था' हा शब्द तेवढा सांगत नाही.

रात्रपाळी_टेक
वरच्यात एक भर. तारीख बदलली तर चालते, बऱ्याच ठिकाणी सगळ्या रेकॉर्डिंगना १ जानेवारी १९८५ अशी एकच तारीख टाकून ठेवतात. पण घड्याळाची वेळ पुसू देऊ नका! लाइट किती वाजता बंद झाले, पहाटे चारला काय झालं, रेम कधी आली, हे शरीराच्या घड्याळाशी जोडलेलं असतं. अति काळजीने वेळही काढून टाकलेल्या फाइली बघितल्यात मी, ओळख तर त्याने आणखी काही लपत नाही आणि अभ्यासाचा एक पूर्ण भाग जातो.

आणि घोरण्याच्या मायक्रोफोनबद्दल पण कुणी घाबरतं म्हणून सांगते. सिग्नलच्या फाइलमध्ये जो स्नोअर चॅनल असतो त्याचं सॅम्पलिंग सहसा इतकं कमी असतं की त्यात बोलणं कळत नाही, नुसती आवाजाची कंपनं दिसतात. बोलणं असतं ते व्हिडिओसोबतच्या ऑडिओत, आणि तो तुम्ही नाकारताच आहात.

मास्क_लावून_झोपतो
मी पेशंट आहे, सीपॅपवर. मी स्वतः माझा डेटा शेअर करतो, मशीनच्या एसडी कार्डवरचा, ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात उघडतो, लीक किती, प्रेशर किती, ग्राफ टाकून बाकीच्यांना विचारतो आणि त्याने माझा मास्कचा त्रास सुटला. पण ते मदत मागायला. ते आणि रिसर्चला देणं यात फरक आहे असं मला आता कळायला लागलंय. मी जेव्हा पूर्ण कार्डाची झिप कुठेतरी चढवतो तेव्हा त्यात मशीनचा सिरियल नंबर पण जातो, आणि तो नंबर विकणाऱ्याकडे माझ्या नावावर आहे. म्हणून स्वतःहून टाकणार असाल तर ग्राफचा तेवढाच तुकडा टाका जेवढा लागतो.

आणि कुणी म्हणेल झेनोडोसारख्या डेटा ठेवायच्या वेबसाइटवर स्वतःच टाकून द्या, तिथे डीओआय, म्हणजे फाइलचा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, तर ते संशोधकांसाठी उत्तम आहे पण आपल्यासारख्याने एकट्याची फाइल टाकण्यात मला दोन अडचणी दिसतात. एक, तपासणारं कुणी नाही, वर टेक्निशियन ताईंनी सांगितलेलं हेडर, नोट्स, सगळं आपणच बघायचं. दुसरं, हजार जणांत एक असणं वेगळं आणि एकट्याच्या अकाउंटवरून एकटी फाइल असणं वेगळं, तिथे नाव काढून उपयोग काय. लॅबमार्फत द्या.

दोन_मुलांची_आई
परत मागता येतं का याचं उत्तर राहिलं की. आम्हाला सांगितलं होतं ते असं, आपलं नाव आणि कोड यांची जोडी लॅबकडे वेगळी कुलपात असते. ती आहे तोवर 'माझं काढा' म्हटलं तर त्यांना शोधून काढता येतं आणि पुढे कुणाला दिलं जात नाही. पण जे आधीच डाउनलोड झालं, ज्यावर पेपर आला, ते परत येत नाही. आणि ती जोडी एकदा नष्ट केली की मग कुणालाच काढता येत नाही कारण आपलं कुठलं ते लॅबलाही कळत नाही. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-गोपनीयतेच्या कायद्यात असं आहे की संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, आणि जोडी शिल्लक असेल तोवर ती ठेवणाऱ्या लॅबसाठी तो डेटा वैयक्तिकच धरतात. तुमच्याकडे कुठला नियम लागू आहे ते एथिक्स कमिटीला विचारता येतं, फॉर्मवर त्यांचा नंबर असायलाच हवा, नसेल तर मी सही करणार नाही.

अजून एक जे मला नंतर सुचलं. रिसर्चवाल्यांना त्या ईसीजीत किंवा ईईजीत काही वेगळं दिसलं, ठोक्यांची गडबड किंवा फिट्ससारखं काही, तर आपल्याला कळवणार का? आम्हाला उत्तर मिळालं, 'नाही'. ज्यांच्याकडे फक्त कोड आहे ते आपल्यापर्यंत पोचणार कसे. म्हणजे 'डेटा दिलाय, काही असलं तर सांगतील' या भरवशावर राहायचं नाही, आपली तपासणी आपल्या डॉक्टरांकडे वेगळी.

सिग्नलवाला
बरोबर आहे, तसंच आहे. आणि मला वाटतं फॉर्ममध्ये हे आधीच लिहिलेलं असायला हवं, लोक समजून घेऊन देतात तेव्हा जास्त मनापासून देतात.

पहाटवारा
सगळ्यांचे आभार. लॅबला फोन केला होता. हेडर आणि फाइलनेम ते साफ करतात, नोट्सबद्दल त्या बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या विचारून सांगते, दुपारी परत फोन आला की आतापर्यंत नोट्स जशाच्या तशा जात होत्या, यापुढे त्या तपासूनच देणार. दार कुठलं विचारलं तर अर्ज आणि करार केल्याशिवाय कुणाला देत नाही म्हणाल्या, कंपन्यांना द्यायचं झालं तर वेगळी परवानगी घेणार, ते मी फॉर्मवर लिहून मागितलंय. जोडी त्यांच्याकडे पाच वर्षं राहणार. पहिल्या दोन चौकोनांवर सही करतोय, उद्या देऊन येतो. ऑफिसचं मात्र वेगळं बघायला लागेल, सीपॅपवर किती तास झोपतो त्याचा रिपोर्ट हाताशी ठेवून डॉक्टरांशी आधी बोलतो.

रात्रपाळी_टेक
नोट्सचं विचारलंत ते फार चांगलं झालं, आता तुमच्यानंतरच्या सगळ्यांच्या फाइली तपासल्या जातील. आणि उद्या जाताय तर तुमच्या रॉ फाइलची एक कॉपी स्वतःसाठीही मागून घ्या, पेन ड्राइव्ह घेऊन जा. रॉ रेकॉर्डिंग मोठं असतं, जागा लागते म्हणून लॅब ते काही काळाने पुसू शकते आणि हाती फक्त पीडीएफ उरते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी परत स्कोअर करून बघायचं म्हटलं तर तीच फाइल लागेल. तुमच्या कॉपीत नाव राहू द्या, ती तुमच्याजवळच राहणार आहे.